सेव्हिलचा मूर्तिकार : अंतोनियो सुसिल्यो

स्पेनच्या दक्षिण भागांत ग्वादाल्कीवीर नदीच्या कांठीं सेव्हिल नांवाचें प्राचीन नगर आहे. नगराच्या उत्तरेस सान फेर्नांदो नांवाची मोठी दफनभूमि आहे. सरूच्या झाडांमधून जाणारा तिचा मुख्य रस्ता जेथें एका वर्तुळाकार चौकाला येऊन मिळतो, तेथें ओबडधोबड खडकांच्या राशीवर क्रूसावरील ख्रिस्ताची ब्राँझची मूर्ति उभी आहे. लोक तिला 'मधाचा ख्रिस्त' म्हणतात. सांगतात तें असें कीं, ही मूर्ति बसविल्यानंतर कांहीं काळानें तिच्या मुखांतून मध ठिबकूं लागला. शहरांत एकच गवगवा झाला आणि चमत्कार म्हणून लोक पाहावयास धांवले. मग उलगडा झाला. मूर्ति आंतून पोकळ होती आणि त्या पोकळींत मधमाशांनीं पोळें केलें होतें. दक्षिण स्पेनच्या कडक उन्हाळ्यांत धातु तापला कीं पोळ्यांतील मध पाझरे आणि ओठांवाटें बाहेर येई. उलगडा झाला, तरी नांव मात्र कायम राहिलें.

ज्यानें ही मूर्ति घडविली तोहि आज त्याच खडकांखालीं विसावला आहे. त्याचें नांव अंतोनियो सुसिल्यो. जन्म १८५५ सालचा, मृत्यु १८९६ सालचा. म्हणजे उणेंपुरें एकेचाळीस वर्षांचें आयुष्य. एवढ्या अवधींत त्यानें आपल्या नगराच्या चौकाचौकांत इतकीं माणसें उभीं केलीं कीं आज सेव्हिलमध्यें फिरणारा परका प्रवासी, त्याचें नांवहि न ऐकतां, दिवसभर त्याच्याच कृतींच्या सोबतींत हिंडत असतो. युरोपच्या कलेतिहासांत सुसिल्योचें नांव पहिल्या ओळींत येत नाहीं. तथापि सार्वजनिक शिल्प म्हणजे काय, तें कोण मागतो, कोण घडवितो आणि अखेर त्याला अर्थ कोण देतो, हें समजून घ्यावयाचें तर या एका मूर्तिकाराच्या चरित्राइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

सुसिल्योचा जन्म झाला तो भाग आलामेदा दे एर्कुलेस या नांवानें ओळखला जातो. सोळाव्या शतकांत, १५७४ सालीं, एका दलदलीच्या जागीं झाडें लावून हा लांबरुंद फिरण्याचा रस्ता तयार करण्यांत आला, आणि त्याच्या टोंकाला प्राचीन रोमन काळांतील दोन उंच खांब आणून उभे करण्यांत आले. एका खांबावर हर्क्युलीस, दुसऱ्यावर ज्यूलियस सीझर. या दोन दगडी पुरुषांच्या छायेंत खेळत असलेल्या मुलाला मूर्तींचें वेड लागावें यांत नवल तें काय? त्याचा बाप मुरवलेल्या ऑलिव्ह फळांचा व्यापारी होता. मुलानें पुढें हाच धंदा पाहावा, अशी त्याची इच्छा. मुलाचें लक्ष मात्र पिंपांतील फळांकडे नसून मातीकडे होतें. हाताला येईल त्या चिखलाचीं माणसें आणि जनावरें करावीं, तीं उन्हांत वाळवावीं, मोडावीं आणि पुन्हा करावीं, हा त्याचा उद्योग.

या बालपणाविषयीं सेव्हिलमध्यें एक कथा सांगतात. राणी दुसऱ्या इसाबेलाची बहीण लुईसा फेर्नांदा ही माँपान्सिए येथील ड्यूकची पत्नी. हें दांपत्य १८४९ पासून सेव्हिलच्या सान तेल्मो राजवाड्यांत राहत होतें. एके दिवशीं राजकन्येची गाडी आलामेदावरून जात असतां तिला दाराशीं माती मळीत बसलेला हा पोर दिसला. तिनें गाडी थांबविली, त्याच्या चिमुकल्या मूर्ति पाहिल्या आणि त्याचें कौतुक केलें. कथा अक्षरश: खरी असो वा नसो, या मुलाच्या आयुष्याची सांगता होतांना हाच राजवाडा पुन्हा पुढें यावयाचा होता. शास्त्रशुद्ध शिक्षणाचा आरंभ मात्र एका चित्रकारानें करून दिला. होसे दे ला वेगा मारुगाल यानें त्याला रेखनाचे धडे दिले. मूर्तिकाराचा पहिला गुरु चित्रकार असावा, याचा परिणाम सुसिल्योच्या हातावर जन्मभर राहिला.

सेव्हिलमध्यें मूर्तिकार होणें ही गोष्ट सोपी नव्हती, कारण तेथें मूर्तिकलेची परंपराच मुळीं फार थोर होती. सतराव्या शतकांत हुआन मार्तिनेझ मोंतान्येस यानें लांकडांत कोरून वर रंग दिलेल्या ख्रिस्ताच्या आणि संतांच्या मूर्ति येथें घडविल्या. ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहांत अशा मूर्ति खांद्यांवर घेऊन निघणाऱ्या मिरवणुकी हा सेव्हिलचा प्राण आहे. डोळ्यांत कांचेची बाहुली, गालांवर कांचेचे अश्रु, अंगावर खरें मखमली वस्त्र, असा तो थाट. तेथील सामान्य माणसाला मूर्ति म्हणजे जिवंत भासणारी वस्तु, हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. परंतु एकोणिसाव्या शतकांत काळ बदलला. मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या, धर्मसंस्थांचा आश्रय आटला, आणि मूर्तिकाराला नवा धनी शोधावा लागला. हा नवा धनी म्हणजे नगरपालिका. युरोपांतील प्रत्येक नगराला आपल्या थोर पुरुषांचे पुतळे चौकांत असावेत असें वाटूं लागलें होतें. सेव्हिलनेंहि १८६४ सालीं आपल्या मुरिल्यो या चित्रकाराचा ब्राँझचा पुतळा कलासंग्रहालयासमोर उभारला. तो घडविला साबिनो दे मेदिना यानें. तेव्हां सुसिल्यो नऊ वर्षांचा होता.

तारुण्यांत त्याच्या मातीच्या उठावशिल्पांनीं जाणकारांचें लक्ष वेधलें. त्याला परदेशीं नेण्याचें श्रेय रोमुआल्द गेद्रोइत्स या रशियन साम्राज्यांतील सरदाराकडे जातें. या आश्रयदात्यामुळें तो १८८० नंतरच्या दशकांत पॅरिसला गेला, तेथील ललितकलांच्या प्रसिद्ध विद्यालयांत शिकला, आणि पुढें स्पॅनिश सरकारच्या साहाय्यानें रोमलाहि राहून आला.

पॅरिसमध्यें त्या वेळीं मूर्तिकलेंत एक मोठा वाद धुमसत होता. जुन्या पंथाचें म्हणणें असें कीं, मूर्ति ही ग्रीक आणि रोमन आदर्शांनुसार घडावी. अवयव प्रमाणबद्ध, मुद्रा शांत, आणि माणूस कोणत्याहि काळाचा असला तरी त्याला शक्य तर देवासारखा उभा करावा. नव्या पंथाचें म्हणणें याच्या उलट होतें. माणूस जसा असतो तसा दाखवा. त्याच्या हाताच्या शिरा, कपड्याच्या चुण्या, चेहऱ्यावरचा शीण, हेंच त्याचें सौंदर्य. रोदाँ यानें १८७७ सालीं एका नग्न तरुणाची मूर्ति प्रदर्शनांत मांडली, तेव्हां ती इतकी हुबेहूब वाटली कीं त्यानें जिवंत माणसाच्या अंगावरच साचा घेतला असा आरोप त्याच्यावर आला. वास्तववादाची वाट अशी कांटेरी होती. सुसिल्यो या वाटेनें गेला; परंतु तो रोदाँसारखा बंडखोर नव्हता. सेव्हिलच्या मातींत वास्तवता मुळांतच होती. ज्या गांवांत व्हेलास्केझनें अंडीं तळणारी म्हातारी आणि पाणी विकणारा भिस्ती हे आपल्या चित्रांचे विषय केले, त्या गांवच्या कलावंताला वास्तववाद पॅरिसमध्यें नव्यानें शिकण्याची गरज नव्हती. पॅरिसनें त्याला धैर्य दिलें आणि मोठ्या आकाराचें काम पेलण्याचें तंत्र दिलें.

हें तंत्र काय असतें, हें थोडें पाहणें येथें अवश्य आहे. ब्राँझचा पुतळा मूर्तिकार धातूंत कोरीत नाहीं. प्रथम लोखंडी सांगाड्यावर ओली माती चढवून तो मूर्ति घडवितो. माती वाळून तडकूं नये म्हणून तिच्यावर ओलीं फडकीं गुंडाळून ठेवावीं लागतात. मूर्ति मनासारखी झाली कीं तिचा प्लॅस्टरचा सांचा काढतात आणि त्या सांच्यांतून प्लॅस्टरची प्रतिकृति ओततात. ही प्रतिकृति ओतशाळेंत जाते. तेथें तिच्यावरून पुन्हा सांचे होतात, आणि वितळलेला धातु आंत ओतून पोकळ मूर्ति तयार होते. मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांनीं ओतून मग जोडतात. अशा प्रकारें मूळ मातीवर उठलेला बोटाचा ठसा तीन स्थित्यंतरें करून धातूंत कायम होतो. या कामाला वेळ लागतो, माणसें लागतात, आणि सर्वांत अधिक म्हणजे पैसा लागतो. नगरपालिकेचा ठराव, वर्गणी, स्पर्धा, परीक्षकांचा निर्णय, ओतशाळेचें बिल, या साऱ्यांच्या मध्यें मूर्तिकार उभा असतो. लोकांना दिसतो तो अनावरणाचा समारंभ. त्यामागची वर्षांची ओढाताण दिसत नाहीं.

सुसिल्योचा हात खरा रमे तो मातींत. लहान फळीएवढ्या जागेंत तो माणसांची गर्दी, त्यांच्या मागचें घर, त्याहून मागचें आकाश, असा सारा देखावा उभा करी. पुढच्या आकृति जवळजवळ पूर्ण उठावाच्या, मागच्या क्रमाक्रमानें उथळ होत जाऊन शेवटीं मातीवर नुसती रेघ उरावी, असें त्याचें कसब. चित्रकाराच्या हाताखालीं शिकलेला मूर्तिकारच असें करूं शकतो. नदीपलीकडच्या त्रियाना या वस्तींत शतकानुशतकें मातीचीं भांडीं आणि रंगीत फरशा तयार होत आल्या आहेत. भाजलेली माती ही सेव्हिलकरांची घरची वस्तु. तिचें त्यानें सोनें केलें.

त्याचें पहिलें महत्त्वाचें नागरी स्मारक १८८९ सालीं उभें राहिलें. सेव्हिलच्या गाविदिया चौकांतील लुईस दाओईझ याचा तो पुतळा. दाओईझ सेव्हिलचाच. १८०८ सालीं नेपोलियनच्या सैन्यानें माद्रिद व्यापलें, तेव्हां तो तेथें तोफखान्याचा कॅप्टन होता. २ मे रोजीं माद्रिदची जनता रस्त्यावर उतरली. सैनिकांनीं बराकींत स्वस्थ बसावें, असा वरिष्ठांचा हुकूम होता. दाओईझनें तो मोडला, मोंतेलेओन येथील शस्त्रागाराचे दरवाजे उघडले, लोकांच्या हातीं शस्त्रें दिलीं, आणि आपल्या पेद्रो व्हेलार्दे या सोबत्यासह तोफा रस्त्यांत ओढून प्रतिकार केला. दोघेहि त्याच दिवशीं मृत्यु पावले. असा वीर पाहिला कीं मूर्तिकाराला मोह होतो तो त्याला देवपद देण्याचा. सुसिल्योनें तसें केलें नाहीं. त्याचा दाओईझ आपल्या गणवेषांत, पायांवर घट्ट उभा असलेला एक अधिकारी आहे. हुकूम पाळावा कीं अंत:करणाचें ऐकावें, हा निर्णय ज्याला क्षणांत घ्यावा लागला तो माणूस. लढाईची धुमश्चक्री त्यानें खालच्या चौथऱ्यावरील उठावशिल्पांत दाखविली. वर एकटा मनुष्य, खालीं इतिहास, अशी ती मांडणी आहे.

तीन वर्षांनीं, १८९२ सालीं, ड्यूकच्या चौकांत व्हेलास्केझचा पुतळा आला. व्हेलास्केझ १५९९ सालीं सेव्हिलमध्यें जन्मला, तेथेंच शिकला आणि १६२३ सालीं, चोविसाव्या वर्षीं, राजाचा चित्रकार होऊन माद्रिदला निघून गेला. त्याच्या जन्मगांवाला हा पुत्र परत मिळाला तो ब्राँझमध्यें, पावणेतीनशे वर्षांनंतर. सुसिल्योनें त्याला हातांत रंगफळी आणि कुंचला देऊन, कामाच्या मध्येंच क्षणभर थांबून समोरच्याकडे पाहणाऱ्या कारागिराच्या रूपांत उभा केला. दरबारी मान, पदव्या, अंगरखा हें सारें आहे. परंतु पाहणाऱ्याचें लक्ष जातें तें कुंचल्यावर. एका कलावंतानें दुसऱ्याला केलेलें हें वंदन आहे, आणि त्यांत खुशामतीचा लवलेश नाहीं.

याच १८९२ सालीं कोलंबसच्या पहिल्या सफरीला चारशें वर्षें पूर्ण झालीं. त्या वेळीं क्यूबा बेट स्पेनच्या ताब्यांत होतें आणि हवाना येथील कॅथीड्रलमध्यें कोलंबसच्या अस्थि आहेत असें मानलें जाई. स्पॅनिश सरकारनें हवानासाठीं दोन कृति करवून घेण्याचें ठरविलें : कॅथीड्रलमध्यें कोलंबसची समाधि आणि शहरांतील उघड्या जागेंत एक भव्य स्मारक. समाधीचें काम आर्तुरो मेलिदा याच्याकडे गेलें, स्मारकाचें काम सुसिल्योकडे आलें. सुसिल्योच्या आयुष्यांतील हें सर्वांत मोठें काम. अनेक आकृतींचा समूह, आणि शिखरावर कोलंबस व त्याच्याजवळ श्रद्धेची प्रतीकमूर्ति, अशी त्याची रचना. वास्तववादी मूर्तिकाराला येथें रूपकाची भाषा बोलावी लागली, कारण साम्राज्याला आपल्या वैभवाची ग्वाही हवी होती. पण १८९५ सालीं क्यूबांत स्वातंत्र्याचें युद्ध पेटलें. ज्या चौकासाठीं पुतळा घडत होता, त्या चौकावरचा झेंडाच डळमळूं लागला.

इकडे सेव्हिलमध्यें १८९५ सालीं सुसिल्योनें आणखी एक मोठें काम तडीस नेलें. बालपणीं जिनें त्याला पाहिलें असें सांगतात, त्या राजकन्येच्या सान तेल्मो राजवाड्याच्या एका दर्शनी भागावर, छपराच्या कठड्याशीं, त्यानें बारा थोर सेव्हिलकरांच्या मूर्ति उभ्या केल्या. त्यांत मुरिल्यो आणि व्हेलास्केझ हे चित्रकार आहेत, मोंतान्येस हा मूर्तिकार आहे, फेर्नांदो दे एर्रेरा हा कवि आहे, लोपे दे रुएदा हा नाटककार आहे, आरियास मोंतानो हा पंडित आहे, ऑर्तिझ दे झुन्यिगा हा इतिहासकार आहे. दाओईझ आहे. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांवर स्पॅनिश लोकांनीं केलेल्या जुलमाविरुद्ध आवाज उठविणारा बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरुहि त्यांत आहे. क्यूबांत तोफा धडाडत असतां साम्राज्याच्या या टीकाकाराला राजवाड्याच्या माथ्यावर जागा मिळाली, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. हे बारा जण रस्त्यावरून खालून पाहावयाचे असल्यामुळें मूर्तिकारानें बारीक कलाकुसर टाळली. प्रत्येकाची उभे राहण्याची ढब आणि वस्त्राची पड एवढ्यावरच त्यानें व्यक्तिमत्त्व तोलून धरलें. आज या राजवाड्यांत आंदालुसिया प्रांताच्या शासनाध्यक्षांचें कार्यालय आहे; बारा जण मात्र आपल्या जागीं आहेत.

या बारांत मिगेल मान्यारा हाहि आहे, आणि त्याचीच आणखी एक मूर्ति सुसिल्योनें घडविली. त्याच्या नागरी कृतींत हीच सर्वांत हृदयस्पर्शी म्हटली पाहिजे. मान्यारा हा सतराव्या शतकांतील सेव्हिलचा श्रीमंत सरदार. १६६१ सालीं त्याची पत्नी वारली, आणि त्या आघातानें त्याचें आयुष्य पालटलें. तो 'कारिदाद', म्हणजे भूतदया, या नांवाच्या धर्ममंडळांत शिरला आणि लौकरच त्याचा प्रमुख झाला. फांशी गेलेल्यांचीं व नदींत बुडून मेलेल्यांचीं बेवारशी प्रेतें उचलून त्यांना मूठमाती देणें, हें या मंडळाचें जुनें व्रत. मान्यारानें त्याला रुग्णालयाची जोड दिली, आणि तेथील प्रार्थनामंदिरासाठीं मुरिल्योसारख्यांकडून चित्रें करवून घेतलीं. १६७९ सालीं मरतांना, जगांतील सर्वांत वाईट माणसाच्या अस्थि येथें आहेत, अशा अर्थाचा लेख आपल्या थडग्यावर कोरावा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनीं तें तुडवावें, अशी त्याची इच्छा होती. पुढें लोकांनीं त्याच्या पूर्वायुष्याला डॉन हुआनच्या कथा चिकटविल्या. सुसिल्योनें या आख्यायिकांकडे पाठ फिरविली. त्याचा मान्यारा एका आजारी, निराधार माणसाला दोन्ही हातांत उचलून नेत आहे. उंची पोशाखांतील सरदार, त्याच्या बाहूंत तें सैल पडलेलें शरीर, आणि त्या ओझ्यानें किंचित् वांकलेली त्याची आकृति, एवढेंच. एका संतानें असाच रुग्ण उचलून नेल्याचें मुरिल्योचें चित्र त्याच रुग्णालयाच्या मंदिरांत आहे. सुसिल्योनें संताच्या जागीं पश्चात्तापानें बदललेला एक माणूस आणला, आणि साहाय्याला येणारा देवदूत काढून टाकला. भार एकट्यानें वाहावयाचा आहे, हें त्याला दाखवावयाचें होतें.

मूर्तिकाराच्या स्वत:च्या शिरावरचा भार मात्र कोणाला दिसला नाहीं. पहिली पत्नी लौकर वारली होती. १८९५ सालीं त्यानें दुसरा विवाह केला, पण तो सुखाचा झाला नाहीं असें सांगतात. कीर्ति होती, कामें होतीं, शिष्य होते. तरी पैशाची विवंचना सुटत नव्हती. मोठें सार्वजनिक काम म्हणजे मोठें उत्पन्न, असा सामान्य समज असतो. पण मोठ्या कामाचा खर्चहि मोठा, आणि पैसे येण्याला विलंब त्याहून मोठा. त्यांत मनाची खिन्नता वाढत गेली. २२ डिसेंबर १८९६ रोजीं, नाताळच्या तीन दिवस आधीं, शहराबाहेर आगगाडीच्या रुळांजवळ त्यानें आपल्या हातानें आपलें जीवन संपविलें. ज्यानें नगराला इतके चेहरे दिले, त्याच्या चेहऱ्यावरचें दु:ख नगराला वाचतां आलें नाहीं.

लोकांना कारण हवें असतें, आणि खरें कारण सांपडलें नाहीं तर तें रचून घेतात. ख्रिस्ताच्या मूर्तींत पाय चुकीच्या रीतीनें ठेवले गेले, ही चूक उमगल्यावर कलावंतानें प्राण दिला, अशी एक दंतकथा सेव्हिलमध्यें रूढ झाली. ती खरी नव्हे. परंतु तिच्यांत लोकांचें मन दिसतें. कर्जानें आणि एकटेपणानें माणूस मरतो, हें कबूल करणें जड जातें. कलेसाठीं मेला म्हटलें कीं आपल्यावरचा दोष टळतो.

त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कृतींचें खरें आयुष्य सुरू झालें. १८९८ सालीं अमेरिकेशीं झालेल्या युद्धांत स्पेननें क्यूबा गमावलें. हवानांत कोलंबसचें स्पॅनिश स्मारक उभारण्याचा प्रश्नच उरला नाहीं. सुसिल्योच्या सर्वांत मोठ्या कृतीला जागाच राहिली नाहीं. अखेर उत्तर स्पेनमधील व्हायादोलिद या शहरानें तिला आसरा दिला, कारण कोलंबस १५०६ सालीं तेथेंच वारला होता. १९०५ सालीं तें स्मारक तेथें उभें राहिलें. समुद्रापलीकडच्या विजयाची घोषणा करण्यासाठीं जें घडलें, तें समुद्रापासून दूर अशा शहरांत एका म्हाताऱ्या, विस्मृत दर्यावर्द्याच्या मृत्यूची आठवण म्हणून उभें आहे. मेलिदानें घडविलेल्या समाधीची कथा याहून विचित्र. ती हवानांत पोंचली होती. ती कोलंबसच्या अस्थींसह परत आली आणि बसली ती सेव्हिलच्या कॅथीड्रलमध्यें, म्हणजे सुसिल्योच्याच गांवीं. सुसिल्योचा कोलंबस दूर गेला आणि मेलिदाचा कोलंबस त्याच्या घरीं आला.

मान्याराची मूर्ति १९०२ सालीं रुग्णालयासमोरच्या लहानशा बागेंत बसविण्यांत आली. बेवारशी मृतांना मूठमाती देणाऱ्या मंडळाच्या दाराशीं, ज्याच्या मृत्यूकडे त्या काळचा धर्म कठोर दृष्टीनें पाही अशा माणसाची कृति येऊन उभी राहिली. हातांतील निराधार देह उचलून नेणारा तो सरदार आज ज्यांना सुसिल्योची हकीकत ठाऊक आहे त्यांना निराळाच दिसतो. मूर्तिकारानें तो अर्थ तींत घातला नव्हता; काळानें घातला.

शिष्यांनींहि त्याचें नांव राखलें. त्याच्या हाताखालीं घडलेल्या लोरेन्सो कुलो व्हालेरा यानें १९११ सालीं सेव्हिलच्या मारिया लुईसा उद्यानांत कवि बेकेर याचें स्मारक उभारलें. मोठ्या झाडाभोंवतीं बसलेल्या प्रेमिकांच्या त्या आकृति आज सर्वत्र प्रसिद्ध आहेत. हें उद्यान मूळचें सान तेल्मो राजवाड्याचें. राजकन्या लुईसा फेर्नांदा हिनें तें १८९३ सालीं नगराला दिलें. दुसरा शिष्य कास्तिल्यो लास्त्रुच्ची हा पुन्हा रंगीत लांकडाकडे वळला, आणि १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धाच्या काळांत जळून गेलेल्या मिरवणुकींतील मूर्तींच्या जागीं त्यानें घडविलेल्या अनेक मूर्ति आल्या. म्हणजे गुरूनें ज्या जुन्या परंपरेंतून बाहेर पडून मूर्ति चौकांत आणली, त्याच परंपरेला शिष्यानें नवें जीवन दिलें.

१९४० सालीं सेव्हिलनें सुसिल्योच्या अस्थि त्याच्या ख्रिस्ताच्या पायथ्याशीं आणून ठेवल्या. दफनभूमींतून अंत्ययात्रा निघाली कीं ती त्याच चौकावरून पुढें जाते. नातलग क्षणभर मान वर करतात, कोणी छातीवर क्रूसाची खूण करतो, आणि मंडळी आपल्या दु:खासह पुढें सरकतात. खालीं कोण निजला आहे याची त्यांतील थोड्यांनाच आठवण असते. लहान मूल बरोबर असलें तर मोठीं माणसें त्याला मधमाशांची गोष्ट सांगतात.